पंधरा वर्षांचा नियम

चर्चमधून पापा बाजाराच्या वाटेने, म्हणजे शाळेच्या मागच्या फाटकाने, मत द्यायला जातील असं सिनियाने धरलं होतं. पण निवडणुकीच्या रविवारी सान रामोनमध्ये कुठलीच वाट नेहमीची राहत नाही. बाजाराच्या कोपऱ्यावर पिवळ्या झेंड्यांच्या गाड्या आणि जांभळ्या झेंड्यांच्या गाड्या समोरासमोर अडकून भोंगे वाजवत बसल्या होत्या. कोणी मागे हटत नव्हतं, आणि कोणाला हटायचंही नव्हतं. गाड्यांतली माणसं खिडकीतून एकमेकांना संत्र्याच्या फोडी देत होती. मग पापा शाळेच्या पुढच्या रस्त्याला वळले, आणि सिनिया त्यांच्यामागे भरभर निघाली.

शाळेच्या पुढच्या फाटकात मारीपास उभी होती. दहा वर्षांची पोर, गुडघ्यापर्यंत आलेला जांभळा सदरा, हातात मतदारांची यादी. इथे प्रत्येक पक्ष मतदारांना वाट दाखवायला अशी मुलं उभी करतो. एका म्हातारीचा हात धरून ती सांगत होती, "तुमचं टेबल नऊ नंबरचं. डावीकडे वळायचं. पायरी आहे हं, सांभाळून!"

सिनियाला आपल्या लेकीचं इतकं कौतुक वाटलं की पापा बाजूला आहेत हे ती क्षणभर विसरली.

पापा, बेलिसारियो अर्गेदास, थांबले. डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. दर चार वर्षांनी चर्च सुटलं की साडेनऊला ते मत देऊन येत. गावातली माणसं त्यावर घड्याळ लावत. आज ते फाटकावरून पुढे निघून गेले.

"पापा, मतदान?"

"घरी चल," ते म्हणाले.

*

घरात आई, एर्मिदा, कोंबडीचा भात करत होती. निवडणुकीला हाच बेत असायचा, कोणी का जिंकेना. नवऱ्याचा चेहरा पाहून तिने झाकण ठेवलं आणि सिनियाकडे बघितलं. सिनियाने हळूच सांगितलं. आईने कपाळावर हात मारला.

"तुझ्या भावाने नेलं ना तिला? एलादियोने?"

"मीच हो म्हटलं, मम्मा."

"तू? आणि मला आधी सांगायचं नाही? मी भातात ऑलिव्ह तरी जास्त घातले असते. त्यांना आवडतात."

अर्गेदासांच्या घरात नियम होता: पंधरा वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलांच्या कानावर राजकारण पडता कामा नये. जेवणाच्या टेबलावर नाही, अंगणात नाही, पापांच्या केशकर्तनालयात तर नाहीच नाही. तिथे आरशावर पाटीच होती, इथे सरकार आणि देव यांच्यावर बोलू नये. गिऱ्हाईकं बोलायचीच. पण खुर्चीत एखादं मूल असलं की पापा वस्तरा हवेत धरून थांबायचे, आणि दुकान गप्प व्हायचं. सिनिया आणि एलादियो याच नियमात वाढले. कारण कधी कोणी सांगितलं नव्हतं. आजोबा अठ्ठेचाळीस सालच्या यादवी युद्धानंतर तुरुंगात होते, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

बाराच्या सुमाराला एलादियो आला. मारीपासला खांद्यावर बसवून, दोघेही जांभळे, दोघेही घामाघूम. एकतिसाव्या वर्षी तो पहिल्यांदाच नगरपालिकेसाठी उभा होता, जांभळ्या पक्षाच्या यादीत तिसरा. त्याच्या मागोमाग सेनेइदा आत्या आली. पापांची थोरली बहीण, सदुसष्ट वर्षांची. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं होतं आणि आता गावच्या वाचनालयात मुलांचं मतदान चालवत होती. मोठ्यांसारख्याच मतपत्रिका, तशीच पेटी, तसाच पडदा, फक्त ती मतं निकालात कोणी धरत नाही.

"दोनशे चौदा पोरांनी मत दिलं सकाळपासून," ती खुर्चीत टेकत म्हणाली. "एकाने पडद्यामागे जाऊन चित्र काढलंय. गाय. अवैध ठरवावं लागलं, जिवावर आलं माझ्या."

कोणी हसलं नाही. तेव्हा तिने भावाकडे पाहिलं. "काय झालं रे बेलिस?"

"सदरा काढ," पापा मारीपासला म्हणाले.

"तीतो, मला तीन वाजता परत जायचंय. माझी दुसरी पाळी आहे." नातवंडं आजोबांना तीतो म्हणत.

"काढ म्हणतो ना!"

पोर आईकडे बघायला लागली. सिनियाने मान हलवली तेव्हा तिने सदरा काढला, घडी केला आणि मांडीवर ठेवून बसली. आत साधा बनियन होता. तिचे डोळे भरले होते, पण रडली नाही.

"पापा, तिच्यावर नका चिडू," एलादियो म्हणाला. "मला बोला. मीच विचारलं तिला."

"तुला तर बोलणारच आहे. तुला मतं हवीत म्हणून पोरीला झेंडा बनवलास?"

"झेंडा? ती लोकांना टेबल दाखवते! पिवळ्यांनाही दाखवते. सकाळी पिवळ्यांच्या उमेदवाराच्या सासूला हात धरून नेलं तिने. मीच म्हटलं, बाई गं, जरा लांबच्या वाटेने ने."

"थट्टा नको."

"मग काय करू? तुमच्या नियमाने मला पंधराव्या वर्षी कळलं की देशाला राष्ट्रपती असतो. वर्गातली पोरं मला हसली. तेव्हापासून मी जे धावत सुटलोय ते आज यादीत तिसरा येऊन थांबलोय. उलटाच झाला तुमचा नियम!"

"एलादियो," आई म्हणाली, "जेव."

 आई वाढत होती, वारं पत्र्यावर धडधडत होतं. मग मारीपास भाताकडे बघत म्हणाली, "आमच्या वर्गात मी निवडणूक हरले ना, तेव्हा बाईंनी सांगितलं, हरलेल्याने पहिलं अभिनंदन करायचं. मी केलं. कार्लोस आन्द्रेसला. तो म्हणाला होता की गृहपाठ बंद करेन. झाला नाही बंद. मग मी त्याला विचारलं, तर म्हणाला, मला काय माहीत, बाई ऐकत नाहीत. मग मी सगळ्या मुलांच्या सह्या घेतल्या आणि आम्ही बाईंकडे गेलो. आता शुक्रवारी गृहपाठ नसतो." तिने वर पाहिलं. "हे राजकारण असतं का तीतो? की हे चालतं?"

सेनेइदा आत्याने पदरात हसू लपवावं तसं रुमालात लपवलं. पापांनी काटा खाली ठेवला.

"मारीपास, अंगणात जा. मोठी माणसं बोलतायत."

हे वाक्य सिनियाने लहानपणी किती वेळा ऐकलं होतं, त्याची मोजदाद नव्हती. अंगणातल्या संत्र्याच्या झाडाखाली बसून ती आणि एलादियो आतले आवाज ऐकत. शब्द कळत नसत, फक्त चढउतार. मारीपास उठायला लागली तसं सिनियाने तिच्या दंडावर हात ठेवला.

"बस. कुठे जाऊ नको."

"सिनिया!"

"बसू दे पापा. मला एक सांगायचंय, ते तिनेही ऐकलं तर चालेल." तिने हात लेकीच्या दंडावरच ठेवला. "अठराव्या वर्षी मी पहिलं मत दिलं. तुम्ही टोपी घालून मला हाताला धरून नेलंत, आठवतं? फाटकाशी तुमचे डोळे भरून आले होते. मी पडद्यामागे गेले आणि मतपत्रिका उघडली. सात उमेदवारांचे सात चेहरे. मला एकही माहीत नव्हता, पापा. पंधराव्यानंतर विचारायला हरकत नव्हती, पण विचारायचं कसं हेच कुणी शिकवलं नव्हतं. त्यातला एक आपल्या दाताच्या डॉक्टरसारखा दिसत होता. त्याला दिलं."

"दाताच्या डॉक्टरसारखा?" एलादियो म्हणाला. "म्हणजे तू त्या..."

"गप रे."

"तो चार टक्क्यांवर गेला होता, त्यातलं एक तुझं होय!"

या वेळी आईही हसली. पापा मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि सिनियाच्या लक्षात आलं की हा राग नाही.

"तुम्हाला सगळ्यांना वाटतं मी अडाणी आहे," ते म्हणाले. "वस्तऱ्याच्या धारेपलीकडे काही कळत नाही. पोरांना राजकारण शिकवलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. मला शिकवलं होतं! माझे पापा मला खांद्यावर बसवून सभांना न्यायचे, तू नेतोस ना हिला, तस्संच. पक्षाचा जयजयकार मला तोंडपाठ होता. स्टुलावर उभा करून पाहुण्यांसमोर म्हणायला लावायचे. सात वर्षांचा होतो."

ते थांबले. ताट बाजूला सारलं.

"युद्ध संपलं होतं. आम्ही हरलेल्या बाजूचे. पापा आमच्या उसाच्या गुऱ्हाळात लपले होते, गुळाच्या साच्यांमागे. मे महिना. माणसं आली दारात, बंदुका घेऊन. एक जण खाली बसला, माझ्या गालाला हात लावला, म्हणाला, बाळा, तुझे पापा कोणाच्या बाजूचे रे? आणि मी..." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मी सगळा जयजयकार म्हणून दाखवला. त्याला आवडेल असं वाटलं मला. मग त्याने विचारलं, कुठे आहेत, आणि मी म्हटलं, गुऱ्हाळात. चौदा महिने तुरुंगात होते पापा. परत आले तेव्हा डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. मला कधी एक शब्द बोलले नाहीत. एक शब्द नाही."

 चौतीस वर्षं सिनिया या माणसाची मुलगी होती, आणि हे तिने कधी ऐकलं नव्हतं. आईकडे पाहिलं तर आईच्या हातात भाताचा डाव तसाच होता. तिलाही माहीत नव्हतं.

"बेलिस," सेनेइदा आत्या म्हणाली. ती एकदम म्हातारी दिसायला लागली होती. "हे तू चोपन्न वर्षं मनात घेऊन बसलायस?"

"मग काय करणार होतो?"

"अरे वेड्या." तिने खुर्ची जवळ ओढली. "ऐक. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. मी ओढ्यावर पाणी भरत होते. दारात ती माणसं आली त्याच्या आधीच चार जण मागून गुऱ्हाळात शिरले होते. मी पाहिलं. तो माणूस तुझ्या गालाला हात लावून बोलत होता ना, तेव्हा पापांना मागून बाहेर काढलंसुद्धा होतं. हात बांधत होते. तुला पुढच्या दारात गुंतवून ठेवलं होतं, तू ओरडू नयेस म्हणून. तू काहीही म्हणाला असतास, नाहीतर मुका असतास, तरी तेच झालं असतं."

"खोटं बोलतेस."

"मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. खोटं मला जमत नाही, पकडता तेवढं येतं."

"मग त्यांना सांगितलं कोणी?"

आत्याने मारीपासकडे पाहिलं, मग सिनियाकडे. जणू विचारत होती, हिच्यासमोर सांगू? सिनियाने मान हलवून हो म्हटलं.

"सेल्सो मामाने. त्याचं खेचर ओढ्याच्या वळणावर बांधलेलं होतं. मी ओळखलं. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, माहीत आहे मला. माझा भाऊ जिंकलेल्यांचा आहे. त्याने तुझ्या पापांचं नाव आणि ठिकाण सांगितलं नसतं तर त्याच्यावरच संशय आला असता. आणि म्हणाली, बेलिसला सांगायचं नाही. तो लहान आहे."

 सेल्सो मामा हे नाव घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानेच पापांना चौदाव्या वर्षी दुकानात घेतलं, वस्तरा धरायला शिकवलं, मरताना खुर्ची आणि आरसा त्यांच्या नावावर केला. आरशावरची ती पाटी मामाचीच होती.

"नंतर का नाही सांगितलं?" पापा म्हणाले. "मी मोठा झाल्यावर?"

"नंतर तू त्याच्या दुकानात लागलास. तुला तो आवडायचा. काय सांगणार होते? आणि तुझ्या मनात हे आहे हे कुणाला ठाऊक होतं? तू कधी विचारलंस? तू आज पहिल्यांदा तोंड उघडलंस, बेलिस." तिचा आवाज फुटला. "लहान आहे, सांगू नका. लहान आहे, सांगू नका. करता करता आपण दोघं म्हातारे झालो."

"पापांना माहीत होतं? मामाचं?"

"हो."

"पण ते तर दर शनिवारी त्याच्याकडे दाढी करायला यायचे. मीच साबण लावायचो."

"यायचे," आत्या म्हणाली. "बहिरा कान त्याच्याकडे करून, गळा वर करून बसायचे. पापांनी माफ केलं होतं की त्याला दर आठवड्याला आठवण करून देत होते, ते मला आजही कळलेलं नाही."

एलादियो उठला आणि वडिलांच्या मागे जाऊन उभा राहिला. खांद्यावर हात ठेवला. पापांनी तो झटकला नाही. आईने सगळ्यांना कॉफी ओतली, भात अर्धवट राहिला होता तरी.

मारीपास सगळं ऐकत होती. सिनियाला मघापासून धाकधूक होती की पोर घाबरेल. पण मारीपास उठली, आजोबांच्या खुर्चीशी गेली आणि विचारलं, "तीतो, त्या माणसाला जयजयकार आवडला का?"

पापांनी तिच्याकडे पाहिलं. आणि मग सिनियाने जे कधीच पाहिलं नव्हतं ते झालं. पापा हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले.

"नाही गं. बहुतेक नाही आवडला. पण मी म्हटला होता फार छान."

*

पावणेतीनला पापांनी टोपी घातली. "तुझा सदरा कुठाय?" त्यांनी मारीपासला विचारलं. "उशीर होईल पाळीला."

सिनियाही बरोबर निघाली. शाळेच्या फाटकाशी मारीपासने यादी हातात घेतली आणि एकदम सरळ उभी राहिली. "ओळखपत्र?"

"अगं, मी तुझा आजोबा."

"ते सगळ्यांनाच विचारायचं असतं."

पापांनी खिशातून ओळखपत्र काढून दिलं. पोरीने यादीत बोट फिरवलं, नाव सापडलं, पुन्हा तपासलं. "टेबल चौदा. सरळ जाऊन उजवीकडे. पायरी नाहीये." मग त्यांच्या कोपराला धरून निघाली. सिनिया जरा मागून चालली. मैदानातून ते दोघं जाताना पिवळ्या सदऱ्यातला एक म्हातारा ओरडला, "बेलिसारियो! साडेनऊचे तीन कसे वाजले रे? देश बुडाला का?"

"माझी वाटाडी जेवायला गेली होती!" पापा ओरडून म्हणाले.

पडद्यामागे ते बराच वेळ होते. टेबलावरच्या बाईने घड्याळाकडे पाहिलं. बाहेर आले तेव्हा घडी केलेली मतपत्रिका त्यांनी पेटीत टाकली आणि पेटीवर दोनदा थापटलं, गिऱ्हाईकाच्या खांद्यावरचे केस झटकावे तसं.

सिनियाने विचारलं नाही, कोणाला. त्यांनीही सांगितलं नाही.

*

सहाला मतदान संपलं. निकाल यायला अजून वेळ होता, म्हणून सगळे ओसरीवर जमले. एलादियोला बसवत नव्हतं. तो उठायचा, फाटकापर्यंत जायचा, परत यायचा. सिनियाचा नवरा ओल्मान दिवसभर मतदारांच्या बसच्या फेऱ्या मारून आत्ता कुठे आला होता आणि बूट काढून राहिलेला भात थंडच खात होता.

"मामा," मारीपासने विचारलं, "तू निवडून आलास तर काय करणार?"

"खूप काही! रस्ते. उद्यान. तरुणांसाठी..." एलादियो थांबला. "म्हणजे, बरंच काही."

"पण नगरपालिकेत बसून नक्की काय करतात? हात वर करतात? की पाण्याचे पाइप आणतात?"

"दोन्ही," तो म्हणाला. "म्हणजे हात वर करून पाइप आणतात. थांब, नीट सांगतो..." आणि त्याला नीट सांगता येईना. ओल्मान भात खाता खाता खो खो हसला.

"सरक," पापा म्हणाले. त्यांनी आपली खुर्ची मारीपाससमोर ओढली. "मी सांगतो. आपल्या गल्लीत पाणी कधी आलं माहीत आहे? चौसष्ट साली. त्याआधी ओढ्यावरून. तेव्हा नगरपालिकेत पाच जण होते, आणि त्यातले तीन माझ्याकडे दाढीला यायचे. तिघेही पाइपावरून भांडायचे. मी पाटीकडे बोट दाखवायचो, ते तरी बोलायचे. तर त्यातल्या एकाला पाइप वरच्या वाडीत न्यायचा होता, कारण तिथे त्याची मतं. दुसरा म्हणायचा, आधी दवाखान्याला. आता तू सांग, तू असतीस तर कुठे नेला असतास?"

मारीपासने हनुवटीला हात लावला. "दवाखान्याला."

"वरच्या वाडीत एकशे दहा घरं आहेत. दवाखाना एक."

"मग... मला आधी बघावं लागेल, वरच्या वाडीत ओढा आहे का."

"शाब्बास!" पापांनी गुडघ्यावर थाप मारली. "हेच! हे त्या पाचांतल्या एकाने विचारायला सहा महिने लावले. आता ऐक, पुढे काय झालं..."

आईने आतून दिवा लावला. सिनिया दारात उभी होती, हातात पुसायची राहिलेली थाळी. साठ पार केलेला हा माणूस सत्तेचाळीस वर्षं खुर्चीमागे उभा राहून सगळं ऐकत आला होता. कोणता पाइप कुठून गेला, कोणी कोणाला वचन दिलं, कोणी मोडलं, पूल कसा झाला, शाळेची जागा कशी मिळाली. सगळं त्याच्या डोक्यात होतं, तारखांसकट. आणि तिने त्यातलं एक अक्षर ऐकलं नव्हतं.

तिने थाळी खिडकीत ठेवली. आतून एक खुर्ची उचलून आणली, लेकीच्या शेजारी टेकवली आणि बसली.

"पापा," ती म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून सांगा. चौसष्टच्या आधीपासून."